साखर रोजची, हृदय वर्षातून एकदा

प्रिय भाचीबाई,

परवा तुझ्या आईचा घोडेगावहून फोन आला. तुझा नवा रिपोर्ट हातात धरून ती एकेक आकडा मला वाचून दाखवत होती. एलडीएलपाशी आली आणि थांबली. "इथं पुढे एच लिहिलंय गं. पोरगी आत्ता कुठे नववीत आहे. हिच्या हार्टचं आत्तापासून बघायचं?" मी म्हटलं, बघायचं. पण ताई, उत्तर तुला नाही, पोरीलाच लिहिते. बोटं तिची टोचली जातात, इन्सुलिन ती घेते, तर रिपोर्टही तिलाच वाचता आला पाहिजे.

पत्र तुला आहे, पण छापायला देते आहे. आपल्या जुन्नर-आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत, मंचर-नारायणगावच्या बाजारगावांत आणि डिंभ्याच्या वरच्या वाड्यावस्त्यांवरही, इन्सुलिनवर वाढणारी मुलं आहेत. बऱ्याच घरांत ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जात नाही. मुलगी असेल तर मुळीच नाही, कारण उद्या स्थळं यायची आहेत. तुझ्या आईनेही अट घातलीच, नाव छापायचं नाही. नाही छापत. आकडे मात्र छापते, ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहेत.

आधी तो एच निकालात काढू. लॅबच्या छापील कागदावर आकड्याशेजारी जी मर्यादा असते, ती बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते. आकडा तिच्या जरा वर गेला की मशीन आपलं एच टाकून मोकळं होतं. तुझं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, आहे ११०. मधुमेह असलेल्या मुलांचं ते १०० च्या आत असावं असं डॉक्टर म्हणतात, आणि प्रयत्न करूनही १३० च्या वरच राहिलं तर औषधाचा विचार करतात. तू या दोन्हींच्या मध्ये आहेस. याचा अर्थ लक्ष ठेवायचं, इतकाच. तुला हृदयविकार झालेला नाही. आणि तू चोरून काही खाल्लंस, याचा तो पुरावाही नाही. हे वाक्य आजीला मोठ्याने वाचून दाखव, कारण तिने एव्हाना शेंगदाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला असणार.

मग हृदयाचा विषय निघतोच कशाला? तुझा मधुमेह टाइप वन. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक यंत्रणेने मारून टाकल्या. गोड खाल्ल्याने तो झाला नाही आणि नवस बोलून जाणार नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे भारतात विशीच्या आतली सुमारे २ लाख २९ हजार मुलं अशी आहेत. जगात कुठल्याही देशात इतकी नाहीत. तेव्हा तू एकटी आहेस असं वाटेल त्या दिवशी हा आकडा आठव.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तो तुझ्याएवढाच होता, चौदा वर्षांचा. त्याआधी हे निदान झालं की घरच्यांना मुलाची आशा सोडावी लागे. इन्सुलिनने मुलं वाचली, मोठी झाली, नोकऱ्या-संसार करू लागली. आणि मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की या माणसांना हृदयविकार इतरांपेक्षा लवकर आणि जास्त प्रमाणात गाठतो. म्हणजे हृदयाची काळजी ही दीर्घ आयुष्य जगणाऱ्यांची काळजी आहे. तुझ्या बाबतीत ती करायची, कारण तुला म्हातारी होऊन नातवंडांवर ओरडायचं आहे.

आत काय घडतं ते सांगते. तुझ्या बाबांच्या टोमॅटोला ठिबक आहे. बोअरचं पाणी जड असलं की नळ्यांत क्षार पहिल्या हंगामापासूनच बसायला लागतात, पण झाडाला पाणी कमी पडतंय हे दिसायला वेळ जातो. म्हणून बाबा झाड सुकायची वाट न बघता ॲसिड सोडून लाइन धुऊन घेतात. धमन्यांचंही असंच, फक्त नळी निर्जीव असते आणि धमनीची भिंत जिवंत. रक्तात साखर सतत चढी राहिली की या भिंतीचं आतलं नाजूक अस्तर बिघडतं, एलडीएलचे कण त्याच्याखाली शिरून बसतात आणि तिथे बारीक सूज धुमसत राहते. याची सुरुवात लहानपणीच होऊ शकते आणि त्यात काहीही दुखत नाही. जे दुखत नाही ते मोजल्याशिवाय कळत नाही. रक्ताच्या तपासण्या त्यासाठी.

आता यातली सगळ्यात आशेची गोष्ट. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप वनच्या १४४१ जणांवर एक मोठा अभ्यास झाला. वय १३ ते ३९, म्हणजे तुझ्याहून लहानही त्यात होते. निम्म्यांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दिवसाला एक-दोन इंजेक्शनं घेतली. उरलेल्यांनी तीन-चार घेतली किंवा पंप लावला, आणि साखर वारंवार तपासून डोस ठरवला. पहिल्या गटाचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९ च्या आसपास राहिलं, दुसऱ्याचं ७ च्या. अभ्यास संपल्यावर पहिल्या गटालाही ती पद्धत शिकवली आणि काही वर्षांत दोन्ही गटांचे आकडे ८ च्या जवळपास एकसारखे झाले. तरीही २००५ साली निकाल आला तेव्हा, आधी साखर सांभाळलेल्या गटात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या दुखण्याच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी भरल्या. सरासरी साडेसहा वर्षांची ती मेहनत शरीराने पुढे कितीतरी वर्षं लक्षात ठेवली. तुझं आत्ताचं वय हे असं लक्षात राहणारं वय आहे. म्हणून दहावीच्या अभ्यासाच्या नावाखाली दुपारचं इंजेक्शन बुडवायचं नाही.

मी नारायणगावच्या एका लॅबमध्ये काम करते, तेव्हा आता तुला नळीच्या बाजूने सांगते. तुझा हात बांधून मी तीन नळ्या भरते ना, त्यांच्या टोपणांचे रंग उगाच वेगळे नसतात. जांभळ्या टोपणाची नळी एचबीएवनसीची, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. करड्या टोपणाची साखरेची, कारण नळीतल्या पेशी साखर खात बसतात आणि त्यांना थांबवावं लागतं. पिवळ्या किंवा लाल टोपणाची नळी कोलेस्टेरॉल, थायरॉइड वगैरेची. ही तिसरी नळी मी गोठू देते आणि मशीनमध्ये गरगर फिरवते. खाली लाल गाठ बसते आणि वर पिवळसर, आरपार दिसणारं सिरम उरतं.

पण सिरम नेहमी आरपार दिसतंच असं नाही. ज्या मुलाला बरेच दिवस पुरेसं इन्सुलिन मिळालेलं नसतं, त्याचं सिरम कधी कधी दुधाळ येतं. नळी उजेडात धरली तर पलीकडचं बोट दिसत नाही. इन्सुलिनचं काम फक्त साखरेपुरतं नसतं. रक्तातली चरबी उचलून पेशींत ठेवणं आणि साठवलेली चरबी विनाकारण फुटू न देणं हेही त्याचंच काम. ते कमी पडलं की ट्रायग्लिसराइड रक्तात साचतात. त्याच मुलाचं इन्सुलिन मार्गी लागलं की पुढच्या तपासणीला तीच नळी स्वच्छ आलेली असते. म्हणून साखर खूप चढून दवाखान्यात ॲडमिट व्हावं लागलं असेल, तर त्याच आठवड्यातल्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टवर रडारड करायची नाही. साखर स्थिरावू द्यायची आणि मग मोजायचं.

वही-पेन घे. रिपोर्टवर एकूण कोलेस्टेरॉल आहे १८२, एचडीएल ५४, ट्रायग्लिसराइड ९०. १८२ मधून ५४ वजा कर. राहिले १२८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीच्या भिंतीत घुसणारं सगळं कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येतं. मुलांमध्ये हा आकडा १२० च्या आत असला तर उत्तम, १४५ आणि त्यावर गेला तर जास्त. आता ९० ला ५ ने भाग, आले १८. १२८ मधून १८ गेले, राहिले ११०. हेच तुझं एलडीएल. बऱ्याच लॅबमध्ये ते वेगळं मोजत नाहीत, असं हिशोबाने काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हा हिशोब कोलमडतो. तिथेही ती साधी वजाबाकी उपयोगी पडते.

या तपासणीसाठी रात्रभर उपाशी राहावं लागतं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. इन्सुलिनवरच्या मुलीला उपाशीपोटी सकाळच्या एसटीने लॅबपर्यंत आणणं म्हणजे वाटेतच साखर उतरण्याला आमंत्रण. पहिली तपासणी जेवून-खाऊन केली तरी चालते. त्यात काही जास्त आढळलं तर दुसऱ्यांदा उपाशीपोटी करायची, आणि तेव्हा आदल्या रात्रीचा आणि सकाळचा डोस किती, हे डॉक्टरांना विचारून ठेवायचं.

रिपोर्ट वाचताना तीन ठिकाणी फसायला होतं. एक, एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल. टाइप वनच्या मुलांचं एचडीएल पुष्कळदा छान दिसतं. ते पाहून बाकीच्या आकड्यांकडे काणाडोळा करायचा नाही. दोन, एचबीएवनसी. अंगात लोह कमी असलं तर ते खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. तुझ्या वयाच्या मुलींत रक्त कमी असणं आपल्याकडे घरोघरी आहे. तेव्हा ग्लुकोमीटर एक सांगतोय आणि एचबीएवनसी दुसरंच, असं झालं तर हिमोग्लोबिन बघायला सांगायचं. तीन, थायरॉइड. टाइप वनच्या मुलांना थायरॉइडचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो, आणि थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल आपोआप चढतं. ते न तपासता पोरीचं तेल-तूप बंद करणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आता तुझ्या आईचा दुसरा प्रश्न. गावातल्या शिबिरात तिला एक चकचकीत कागद मिळाला. हृदयाच्या 'ॲडव्हान्स' तपासण्यांचं पॅकेज. त्यात अपोबी, लिपोप्रोटीन-ए, एचएस-सीआरपी, होमोसिस्टीन, अशी नावं. "हे सगळं करून घेऊ का?" माझ्या धंद्याला न शोभणारं उत्तर देते, नको.

कारण स्वीडनचं ऐक. तिथे देशभरातल्या मधुमेहींची नोंदवही ठेवतात. तिच्यातल्या टाइप वनच्या ३२ हजारांहून जास्त माणसांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू आणि हृदयविकार यांच्याशी सतरा घटकांपैकी कशाचा संबंध सगळ्यात घट्ट आहे, हे त्यांनी तपासलं. वर आले ते हे पाच, एचबीएवनसी, लघवीतलं अल्ब्युमिन, मधुमेह होऊन किती वर्षं झाली ते, वरचं ब्लडप्रेशर आणि एलडीएल. वर्षं आपल्या हातात नाहीत. उरलेल्या चार गोष्टी साध्या लॅबमध्ये आणि साध्या दवाखान्यात मोजता येतात. त्या मोजायच्या सोडून पॅकेजच्या मागे लागणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तरी ती नावं काय आहेत ते माहीत असावं, म्हणजे कुणी घाबरवणार नाही. अपोबी म्हणजे धमनीत घुसणाऱ्या कणांची मोजदाद. अशा प्रत्येक कणावर हे प्रथिन एकेकच असतं, म्हणून ते मोजलं की कण मोजले जातात. चाचणी चांगली आहे, पण तुझं काम नॉन-एचडीएलच्या वजाबाकीत बरंचसं भागतं. लिपोप्रोटीन-ए मुख्यतः आईबापांकडून येतं, खाण्यापिण्याने फारसं बदलत नाही. घराण्यात पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा बाईला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आयुष्यात एकदा मोजायला हरकत नाही. तुझ्या बाबांकडच्या आजोबांचं काय झालं होतं, ते डॉक्टरांना नक्की सांगायचं. एचएस-सीआरपी ही सूज दाखवणारी चाचणी. मधुमेही मुलांत ती सरासरीने जास्त भरते हे खरं, पण सर्दी झाली, दाढ सुजली तरी ती चढते. एका मुलीच्या एका रिपोर्टवरून त्यातून काही ठरवता येत नाही.

होमोसिस्टीनचं मात्र आपल्या भागाशी नातं आहे. बी-बारा कमी असलं की ते वाढतं, आणि पुणे जिल्ह्यातल्या शाकाहारी घरांत बी-बारा कमी असणं फार आढळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पण व्हिटॅमिन देऊन होमोसिस्टीन खाली आणलं तरी हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत, असं मोठमोठ्या अभ्यासांत दिसलं. म्हणून होमोसिस्टीनच्या मागे न लागता बी-बारा तपासावं आणि कमी असेल तर भरून काढावं. ते मज्जातंतूंना आणि रक्ताला लागतंच.

डॉ. याज्ञिकांचंच आणखी एक काम तुला सांगायला हवं, कारण "पोरगी काडीसारखी आहे, हिला कसला हार्टचा त्रास" असं म्हणणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. १९९३ पासून त्यांच्या पथकाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मतः वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्यामानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून स्निग्ध. पुढे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. तेव्हा काटा काय म्हणतो आणि रक्त काय म्हणतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक आहेस म्हणून तपासणी टाळायची नाही.

वर्षातून एकदा काय काय करायचं, ते कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटव. लिपिड प्रोफाइल. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण. थायरॉइडची टीएसएच. डोळ्याच्या पडद्याची तपासणी. ब्लडप्रेशर दर भेटीला, एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी. साधारणपणे वय ११ झालं आणि मधुमेहाला दोन ते पाच वर्षं झाली की मूत्रपिंड आणि डोळ्यांची तपासणी सुरू करतात. तुझी या सगळ्या तपासण्यांची वेळ झालेली आहे. लिपिडचा रिपोर्ट अगदी चांगला आला तर डॉक्टर पुढची तपासणी लांबवतीलही. तुझा काठावर आहे, म्हणून तुझी दरवर्षी.

यातली लघवीची तपासणी रक्ताची नाही, पण माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर. मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांतून प्रथिन झिरपायला लागलं, तर दुसरीकडच्या वाहिन्यांचं अस्तरही बिघडत असण्याची ती खूण असते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत आणायची. आकडा ३० च्या आत हवा. एकदा जास्त आला तर लगेच हाय खायची नाही. ताप, आदल्या दिवशीची कबड्डी, मासिक पाळी, कशानेही तो वाढतो. तीनपैकी दोन नमुन्यांत वाढलेला असला तरच तो खरा. आणि ब्लडप्रेशर घेताना पट्टा तुझ्या दंडाच्या मापाचा आहे ना, हे बघायचं. मोठ्या माणसाचा रुंद पट्टा बारीक दंडाला गुंडाळला तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. विचारायला लाजू नकोस.

हे सगळं पुण्यातच करावं लागतं असंही नाही. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, घोडेगाव-जुन्नर-नारायणगावची ग्रामीण रुग्णालयं, इथे कुठल्या तपासण्या होतात ते आधी विचारा. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२२ साली टाइप वनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांशी बोलताना त्यांचा विषय काढायला हरकत नाही.

औषधाचं थोडक्यात. दहा वर्षांच्या पुढे, साखर आणि आहार सांभाळूनही एलडीएल १३० च्या वरच राहिलं तर स्टॅटिनची गोळी देण्याचा विचार होतो. तुला आज तिची गरज नाही. पुढे कधी लागली तर ते अपयश नाही, पण गर्भारपणात ती चालत नाही, हे मुलींनी कायम लक्षात ठेवायचं. गोळी म्हणजे पळवाट नव्हे. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ४४३ मुलांवरच्या अभ्यासात, २०१७ सालच्या निकालानुसार, स्टॅटिनने कोलेस्टेरॉल उतरलं पण लघवीतल्या अल्ब्युमिनवर परिणाम झाला नाही. तुझं एचबीएवनसी आत्ता ८.६ आहे. ते सातच्या दिशेने सरकलं तर एलडीएलही थोडं खाली येईल अशी मला आशा आहे. पहिली खटपट तीच.

खाण्याबद्दल तुझे कान किटले असतील, म्हणून आपल्या घरापुरतंच बोलते. बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाजी, वरच्या गावांतली नाचणी, यांच्याशी माझं भांडण नाही, फक्त भाकरी किती याचा हिशोब इन्सुलिनशी जुळला पाहिजे. मासवडीही खा. तिच्यात बेसन, तीळ, खोबरं, लसूण आहे. रश्श्यावरची तर्री मात्र दुसऱ्यांना वाढ. शेंगदाणे मूठभर चालतात, आजीला सांग. खरा शत्रू चहाबरोबरच्या खारी-टोस्टमध्ये आणि वनस्पती तुपात बसलेला आहे. २०२२ पासून खाद्यतेल-तुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर चालत नाही, पण म्हणून खारी रोजची करायची नाही. संकष्टीला ओझरला जायचं असेल तर जा, दर्शन घे. उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नकोस, आणि लांब काम करणारं इन्सुलिन कुठल्याही देवासाठी बंद करायचं नाही. साबुदाण्याची वाटीभर खिचडी साखर कुठे नेते, ते मीटरवर एकदा स्वतः बघ.

संध्याकाळी उसाकडेच्या रस्त्याने पळायला जाऊ नको असं आई म्हणते ते बिबट्यामुळे, आणि ते बरोबरच आहे. मग शाळेच्या मैदानावर खेळ. रोज तासभर अंग हललं पाहिजे. खेळण्याआधी साखर बघायची आणि खिशात ग्लुकोज ठेवायचं.

आणि मिश्री. आपल्याकडे बायका दात घासायच्या नावाखाली सुरुवात करतात आणि पोरीही बोटभर घेऊन बघतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. मधुमेह आणि तंबाखू एकत्र आले तर धमन्यांना दोन्हीकडून मार. घरातली मोठी माणसं वापरत असतील तर त्यांना मी समजावीन, तू मात्र डबीला हात लावायचा नाहीस.

मनातलं एक सांगते. ताई तुझे रिपोर्ट पेटीत साड्यांखाली ठेवते. तिची भीती मला कळते. पण लपवलेला रिपोर्ट डॉक्टरांपुढे अर्धाच पोचतो, आणि लपवलेली पोर मैत्रिणींसमोर इंजेक्शन टाळते. एका पारदर्शक फाइलमध्ये सगळे कागद तारखेने लाव. पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात वर्ष, एचबीएवनसी, एलडीएल, नॉन-एचडीएल, अल्ब्युमिन, ब्लडप्रेशर असे रकाने आख. एका वर्षाच्या आकड्याला अर्थ कमी, चार-पाच वर्षांचे ओळीने दिसले की तो कुठे चाललाय ते कळतं. लग्नाचं म्हणशील, तर जो ही फाइल बघून पाऊल मागे घेईल तो आपल्या कामाचा नव्हता.

आणि हे पत्र वाचणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या आयाबापांनो, तुमच्या घरी इन्सुलिनवरचं मूल असेल, तर पुढच्या भेटीला डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा. साखरेखेरीज या वर्षी काय तपासायचं राहिलं आहे? उत्तर लिहून घ्या, आणि ते काम याच महिन्यात उरका.

तुझी,
मावशी